मदत हवी आहे: डॅश रंगवून परत बसवला, आता पेट्रोलचा काटा 'फुल'च्या पार पुढे

डॅशबोर्डी
एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा डॅश काढून रंगवला, मीटरं पुन्हा जागेवर बसवली. पेट्रोलचा काटा 'फुल'च्या पुढे जाऊन टेकतोय. टाकीत अर्ध्यापेक्षा कमी आहे. वायरी फोटो बघून लावल्यात, अदलाबदल नाही. रविवारी गाडी बाहेर काढायची आहे. नवीन मीटर मागवू का? कृपया लवकर सांगा.

तांब्याची तार
मागवू नका. आधी साल सांगा. ही गाडी १९६२ ते १९८० निघाली आणि सुरुवातीच्या गाड्यांचं मीटर वेगळ्या जातीचं आहे. इग्निशन दिल्यावर काटा झटक्यात उडतो की हळूहळू चढतो? इंजिन बंद आणि चालू असताना फरक पडतो का? बॅटरीचं कुठलं टोक अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला) आहे?

टाकीतला फ्लोट
सेंडर (फ्लोटवरून टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग) गेलाय, दुसरं काही नाही. टाकीच्या बाजूला आहे. पेट्रोल त्या पातळीच्या खाली आणा, लॉकिंग रिंग पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोकून फिरवा (लोखंडी छिन्नी नको, ठिणगी पडते), रबरी सील नवीनच घाला. मल्टिमीटरवर रिकाम्याला सुमारे २५० ओहम आणि भरलेल्याला ३० च्या आसपास यायला हवेत.

तांब्याची तार
फ्लोटराव, त्यांनी टाकीला हातच लावलेला नाही. डॅश उघडल्यावर बिघडलं तर आधी डॅशमागेच बघायचं. सेंडर उघडण्याआधी त्याची वायर तपासा. टाकीपाशी हिरवी-काळी वायर काढा आणि मिनिटभर थांबा. काटा रिकाम्यावर आला तर वायर कुठे बॉडीला टेकत नाही. फुलवरच राहिला तर ती कुठेतरी चिमटली आहे, बहुधा डॅशमागे.

डॅशबोर्डी
१९७३ ची जीटी (पक्क्या छपराची), निगेटिव्ह अर्थ. काटा हळू चढतो. इंजिन बंद असताना पाऊणच्या वर, चालू केलं की 'फुल'च्या पुढे. वायर काढली तर रिकाम्यावर येतो. हो, आणि मीटरमधला दिवाही लागत नाही.

गिअरतेल
मग मीटरला अर्थ मिळत नाही, दिव्यावरूनच कळतंय. ब्रॅकेटखालचा रंग खरवडा. पाण्याच्या तापमानाचा काटाही जास्त दाखवतोय का?

तांब्याची तार
अर्धं बरोबर. या मीटरचा काटा बॉडीच्या अर्थवर चालतच नाही. करंट स्टॅबिलायझरकडून (मीटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा डॅशमागचा छोटा डबा) मीटरमध्ये, तिथून सेंडरला आणि टाकीपाशी अर्थला जातो. ब्रॅकेटचा अर्थ फक्त २.२ वॅटच्या दिव्यासाठी. अर्थची काळी वायर रंगावर बसली असेल. आणि १९७३ ला पाण्याचं मीटर नळीवर चालतं, विजेवर नाही. त्यावरून काही ठरत नाही.

इंजिन चालू केल्यावर काटा वाढतो, तिथेच उत्तर आहे. बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या वर. स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट देत असता तर काट्याला हा फरक कळलाच नसता. त्याच्या आत तापणारी पट्टी असते. तापली की संपर्क तोडते, गार झाली की जोडते. तिला तापवणारी गुंडाळी अर्थवर चालते. अर्थ गेला की पट्टी तापत नाही, संपर्क जुळलेलाच राहतो आणि मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं. डॅशमागचा बल्कहेडही (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रंगवला का?

डॅशबोर्डी
हो, त्याच रंगाने.

तांब्याची तार
तेच कारण. आधी बॅटरीचा अर्थ काढा. तुमच्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन आहेत, मागे. स्टॅबिलायझरच्या एकुलत्या स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वायसर घाला. 'टॉप' लिहिलेली बाजू वरच ठेवा. त्याच्या 'बी' टोकाला हिरवी, 'आय' टोकाला पोपटीवर हिरवी रेघ असलेली वायर. तिथे डिजिटल मल्टिमीटर लावलंत तर आकडे नाचतील, कारण स्टॅबिलायझर चालू-बंद होतो. बॅटरी जोडल्यावर जुना १२ व्होल्टचा दिवा 'आय' आणि अर्थमध्ये लावा. लुकलुकला तर काम करतोय.

सोल्डरिंग गन
आजच्या काळात लुकलुकणारी पट्टी कशाला? ७८१० (इलेक्ट्रॉनिक व्होल्टेज रेग्युलेटर) बसवा, दोन कपॅसिटर, पक्के १० व्होल्ट. त्याची पाठ म्हणजेच अर्थ, जुन्या डब्यातच पत्र्याला आवळता येतो.

तांब्याची तार
निगेटिव्ह अर्थच्या गाडीत चालेल. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाडीला हा सल्ला देऊ नका. तिथे ७९१० लागतो आणि त्याची पाठ अर्थ नसून इनपुट असते, अभ्रक न लावता आवळलात तर शॉर्ट. शिवाय ७८१० ला सुमारे २ व्होल्टचं अंतर लागतं, बॅटरी उतरली की काटाही उतरतो. आणि अर्थ नसेल तर ७८१० तरी काय नियमन करणार?

सोल्डरिंग गन
अर्थ घासल्यावरच बसवायचा, हे गृहीत आहे.

केबलवाला
डॅश उघडाच आहे तर स्पीडोमीटरच्या केबलला ग्रीस भरून घ्या. फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला, वरचा भाग कोरडा ठेवा. नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये शिरतं.

गिअरतेल
आणि पाण्याच्या मीटरची नळी कुठे दुमडली नाही ना, बघा. आत ईथर असतं, तडा गेला की मीटर मेलं. तेलाच्या मीटरच्या पाइपच्या नटमधला चामडी वायसर जुना असेल तर बदला, नाहीतर गरम तेल पायावर गळेल.

डॅशबोर्डी
स्क्रूखालचा रंग घासला, काळी वायरही. दिवा लागला. काटा आता इंजिन चालू-बंद केल्यावर हलत नाही, पण टाकी पूर्ण भरली तरी 'फुल'च्या काडीभर खाली थांबतो.

तांब्याची तार
टाकी भरलेली आहे तोवर मीटरच्या पाठीमागे बघा, बुचं लावलेली दोन छोटी भोकं आहेत. आतल्या दातेरी पट्ट्या बारीक स्क्रूड्रायव्हरने सरकतात, एक रिकाम्यासाठी, एक फुलसाठी. एकीला हात लावला की दुसरी थोडी हलते, म्हणून आळीपाळीने. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा, काटा सावकाश बसतो. रिकाम्याचं टोक टाकीपाशी वायर काढून नाही, तिथे २५० ओहमचा रेझिस्टर लावून जुळवा.

टाकीतला फ्लोट
त्याआधी सेंडरचे ओहम मोजा. फ्लोटचा दांडा वाकलेला असेल तर मीटर फिरवून उपयोग नाही.

तांब्याची तार
हे मात्र मान्य. आधी ओहम, मग पट्ट्या.