थ्रीडी प्रिंटिंगचे शेअर्स निवडताना नेमकं काय बघायचं? मदत हवी आहे

मंडळी, गेले काही महिने थ्रीडी प्रिंटिंगच्या कंपन्यांचा अभ्यास करतोय आणि आता पार गोंधळलोय. टेक्नॉलॉजी खरी आहे, विमानाचे पार्ट, दात सरळ करणाऱ्या अलायनरचे साचे, हिप इम्प्लांट सगळं यात बनतंय, पण शेअर्स बघा, थ्रीडी सिस्टीम्स २०१४ च्या सुरुवातीला ९० डॉलरच्या वर होता तो पुढे एक आकडी झाला, डेस्कटॉप मेटल २०२३ मध्ये स्ट्रॅटासिस या दुसऱ्या थ्रीडी प्रिंटर कंपनीत विलीन होणार होती तर स्ट्रॅटासिसच्याच शेअरहोल्डर्सनी नकार दिला, मग २०२५ मध्ये नॅनो डायमेन्शनने घेतली आणि काही महिन्यांतच डेस्कटॉप मेटलचा दिवाळखोरीचा अर्ज.

मी सध्या हातात कॅश किती, दर तिमाहीला ती किती संपते, आणि मटेरियल नि सर्व्हिसमधून किती उत्पन्न येतं एवढंच बघतोय, कारण हात आखडता घ्यायची वेळ आली की नवीन मशीनची ऑर्डर सगळ्यात आधी थांबते, पावडर-रेझिन हा छपाईचा कच्चा माल मात्र लागतोच. सारखे नवे शेअर काढून पैसा उभा करणाऱ्या कंपन्या सरळ बाजूला ठेवतो. हे बरोबर आहे का? की मशीन बनवणाऱ्यांपेक्षा ती वापरून माल विकणारी कंपनी घेणं बरं? कुणी असा पडलेला सेक्टर धरून ठेवला असेल तर कधी बाहेर पडायचं हे कसं ठरवलंत, प्लीज सविस्तर सांगा.