टॉवरचं रेडिएशन आणि एक्स-रेचं रेडिएशन एकच असतं का?

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी. आमच्या घरापासून चाळीसेक मीटरवर शेजारच्यांच्या खळ्यात मोबाईलचा टॉवर उभा राहतोय आणि आईने दोन दिवसांपासून घर डोक्यावर घेतलंय. त्यात बहीण माहेरी आलीये, पाचवा महिना सुरू आहे. मागच्या आठवड्यात ती ओट्यावरून पडली, पाय सुजला, तेव्हा डॉक्टर आधी म्हणाले गरज असेल तरच एक्स-रेचा फोटो काढू, मग पोटावर ते शिशाचं जड एप्रन टाकून काढला. आई सोबत होती, तिने सगळं पाहिलं, आणि आता म्हणते एका फोटोला एवढी काळजी घेतात तर हा टॉवर तर चोवीस तास चालणार. मला उत्तरच देता आलं नाही. वर गावात बोलतात की टॉवरमुळे केळीवर हरण्या रोग येतो. बारावी सायन्सला स्पेक्ट्रम शिकलो होतो पण पंधरा वर्षं झाली, काही आठवत नाही. आईला सांगता येईल असं कोणी समजावाल का?

तापीकाठ
भाऊ, हरण्याचं मी सांगतो, मले त्याचा लय मार बसला आहे. तो विषाणू आहे, सीएमव्ही, आणि तो मावा ही कीड पसरवते, बांधावरचं तण आणि काकडी-भोपळ्याच्या जातीची पिकं जवळ असली की जास्त. दोन वर्षांपूर्वी चारशे खोडं उपटून फेकली, माझ्या शेताच्या तीन किलोमीटरमध्ये तेव्हा टॉवर नव्हता. टॉवरवर राग काढत बसशील आणि मावा राहील बाजूला.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
आईंचा प्रश्न एकदम योग्य आहे, त्यांना गप्प करू नका. घोळ शब्दात आहे. रेडिएशन म्हटलं की आपण किरणोत्सर्ग म्हणतो, आणि किरणोत्सर्ग म्हणजे अणूच्या केंद्रातून जे निघतं ते. पुस्तकातला शब्द आहे प्रारण, आणि प्रारण तर चुलीचा शेकसुद्धा आहे.

रेडिओ, मायक्रोवेव्ह, अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील म्हणजे यूव्ही, एक्स-रे, गॅमा, ही सगळी एकाच जातीची लहर, सेकंदाला साधारण तीन लाख किलोमीटर वेगाने जाणारी, फरक फक्त लहर किती लांब आणि किती वेळा हलते यात. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईलची लहर साधारण ३३ सेंटीमीटर, म्हणजे फुटापेक्षा थोडी जास्त. दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक. आणि एक्स-रेची लहर अणूच्या मापाची.

आता मुद्द्याचं, ही ऊर्जा सलग येत नाही, दाण्यादाण्याने येते, त्या दाण्याला फोटॉन म्हणतात. लहर जितकी जलद हलते तितका एकेक दाणा ताकदवान. एक्स-रेचा एक दाणा मोबाईलच्या लहरीच्या दाण्यापेक्षा हजार कोटी पटींच्या आसपास जोरदार असतो, म्हणून तो अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, पेशीतला डीएनए तोडू शकतो. मोबाईलचा दाणा ते करू शकत नाही, कितीही दाणे आले तरी एकेकटा तेवढाच राहतो, फार आले तर शरीर थोडं गरम होतं, बस. आंब्यावर मूठभर ज्वारी फेकून आंबा पडत नाही, एक दगड नेमका लागला की पडतो, तसंच.

या सगळ्या लहरी लांबीच्या क्रमाने एका रेषेवर मांडल्या तर दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुढे यूव्हीमध्ये कुठेतरी तोडफोड सुरू होते. त्याच्या आधीचं सगळं तापवणारं.

रेडिओग्राफर_धुळे
मी एक्स-रे काढतो, अकरा वर्षं झाली. छातीवर छोटा टीएलडी बॅज लावतो, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, किती डोस बसला ते त्यातून कळतं. आईंना हे नक्की सांगा की मशीन बंद झालं की खोलीत काही उरत नाही, बल्ब बंद केल्यावर उजेड उरत नाही तसं, आणि ताईंच्या पायाच्या फोटोत पोटापर्यंत जाणारं फारच कमी असतं. छातीच्या फोटोचा डोस ०.१ मिलिसीव्हर्टच्या (हे डोस मोजायचं माप) आत बसतो आणि जमीन, हवा, आकाश यातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतंच. काळजी घेतो ती बाळासाठी, कारण त्याच्या पेशी झपाट्याने वाढत असतात.

आणि लोक सोनोग्राफीलाही रेडिएशन समजून घाबरतात, तो तर आवाज आहे, या रेषेवर तो कुठेच नाही. एमआरआयमध्ये मात्र रेडिओ लहरीच असतात, १.५ टेस्लाच्या (ही चुंबकाची ताकद) मशीनला साधारण ६४ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या एफएमच्या जरा खाली.

ठिबकवाला
जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. मास्तरांनी यूव्हीची तोडफोड सांगितली ती आम्ही रोज बघतो. आपली नळी काळी का असते? तिच्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळतात, ती यूव्ही शोषून घेते, नाहीतर प्लॅस्टिकचे बंध तुटतात आणि नळी कडक होऊन तडकते. उघड्यावर पडलेला पांढरा पीव्हीसी पाइप दोन उन्हाळ्यांत पिवळट होतो, पाय पडला की कडकन मोडतो. टॉवरखाली ठेवलेला पाइप टॉवरने मोडलेला मी तरी पाहिला नाही, उन्हाने मोडलेले ढीगभर. वेल्डिंगवाल्यांनाही यूव्हीच लागतो, काच न लावता बघितलं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं.

केळीवाला_यावल
मास्तर, खूप खूप आभार, ज्वारीचं आईला पटलं. पण ती म्हणते तापवतो म्हणजे तर लागतोच ना. आणि कॅन्सरचं काय?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
बरोबर विचारलं त्यांनी. म्हणूनच टॉवरच्या लहरींना मर्यादा असते. २०१२ मध्ये आपल्याकडे ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. मे महिन्याच्या दुपारी ऊन हजार वॅटच्या आसपास असतं, आणि त्यात यूव्हीही आलाच. कॅन्सरचं खरं सांगतो, २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित' च्या गटात टाकलं, कारण पुरावा मर्यादित होता. उन्हाला मात्र 'नक्की' च्या गटात. म्हणून बहिणीला भर दुपारी खळ्यात बसू देऊ नका, ते जास्त महत्त्वाचं. फोन कानाला लावून तासभर बोलण्यापेक्षा स्पीकरवर बोला, टॉवर लांब असला की फोनच जास्त जोर लावतो.

आणि संध्याकाळी आईंना पश्चिमेच्या भिंतीसमोर न्या, वीतभर लांब हात धरायला सांगा, शेक लागेल, तो इन्फ्रारेड. नंतर टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा.

केळीवाला_यावल
केलं! रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड दिसला, नुसत्या डोळ्याला काहीच नाही. आईने तीनदा बटण दाबून बघितलं, मग विचारते, टॉवरचा का नाही दिसत कॅमेऱ्यात?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
व्वा, माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रिमोटची लहर दिसणाऱ्या प्रकाशाच्या अगदी शेजारची, कॅमेऱ्याच्या चिपला तिचा दाणा अजून पुरतो. टॉवरच्या दाण्यात त्या चिपमधला इलेक्ट्रॉन हलवायचीही ताकद नाही. त्याला पकडायला अँटेनाच लागतो, फुटभर लांब लहरीला त्याच मापाची तार.