अमेरिकेत राहून भारतातून बाळ दत्तक घ्यायचंय, डायरेक्ट दत्तकपत्र केलं तर चालतं का?

जर्सीकर_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, नवरा ४३, मी ४१, नवऱ्याकडे अमेरिकन सिटिझनशिप आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे, माझं अजून ग्रीन कार्ड. आयव्हीएफच्या चार सायकल झाल्या, आता बास म्हटलं. तर सांगलीहून माझ्या काकूचा फोन आला की तिच्या ओळखीच्या एका नर्सिंग होममध्ये एक मुलगी बाळंत होणारे, लग्न झालेलं नाही, बाळ ठेवणार नाही म्हणतेय, वकिलाकडून दत्तकपत्र रजिस्टर करू, घरी छोटासा होम करू, पंधरा दिवसात बाळ घेऊन जा. ऐकून रात्रभर झोप नाही लागली खरं सांगते. असं केलेलं कोणी आहे का? व्हिसाला प्रॉब्लेम येतो का?

पुणे३०_टेक्सास
ताई, आधी काकूंना थांबवा, मग पुढचं वाचा.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकपत्र होतं हे खरं, पण त्या कागदावर बाळ अमेरिकेत येत नाही. दोन्ही देश हेग करारात (देशादेशांतल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, म्हणजे कारामार्फतच (भारत सरकारची दत्तकाची केंद्रीय संस्था) जावं लागतं, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी इकडे मान्यताप्राप्त एजन्सीकडून होम स्टडी (तुमच्या घराची आणि तुमची पाहणी), मग आय-८००ए (अमेरिकन इमिग्रेशनचा पालकांच्या पात्रतेचा फॉर्म, हा फक्त सिटिझनच भरू शकतो, तुमचे मिस्टर आहेत म्हणून सुटलात), मग एजन्सी तुमची फाइल काराकडे पाठवते, मग बाळाची माहिती आणि मेडिकल रिपोर्ट येतो, तुम्ही हो म्हणालात की आय-८०० (त्या ठरलेल्या बाळासाठीचा फॉर्म) ची तात्पुरती मंजुरी, एम्बसीचं पत्र, काराची एनओसी, आणि सगळ्यात शेवटी दत्तकाची ऑर्डर. ती ऑर्डर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आधी दत्तक आणि मग फॉर्म असा उलटा क्रम झाला की गाडी तिथेच अडकते. बाळ सांगलीत, तुम्ही एडिसनला.

आणि नर्सिंग होमवाल्यांनी "खर्चाचे" म्हणून पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा. तो बाळाचा व्यवहार झाला, दत्तक नाही.

विदर्भाची_लेक
त्या मुलीचाही विचार करा कोणीतरी. तिला बालकल्याण समितीपुढे जाऊन बाळ सोपवता येतं, आणि विचार बदलायला साठ दिवस मिळतात. पंधरा दिवसात बाळ उचललं तर तिचे ते दिवस कुठे गेले? काकूंनी तिला समितीचा पत्ता दिला तरी मोठं काम होईल. मात्र ते बाळ मग तुम्हालाच मिळेल असं नाही, तिथे नंबर लागतो.

बाकी आमचा अनुभव. आमची लेक तीन वर्षांची असताना आली, नागपूरकडची. शिशुगृहात सांभाळणाऱ्या सगळ्या बायका मावशी, त्यामुळे ती मलाही मावशीच म्हणायची, विमानात मावशी, टार्गेट दुकानात मावशी, शेजारच्या मेक्सिकन आजीलाही मावशी. लोक विचारायचे ही तुमची भाची का. मी दुरुस्त केलं नाही. साडेतीन महिन्यांनी एकदा ताप होता तेव्हा रात्री आई म्हणाली, मग सकाळी परत मावशी 😄 इंग्रजी आपोआप येतं हो, तिच्याशी मराठीच बोला, तेवढं एकच ओळखीचं घेऊन आलेलं असतं पोर.

जर्सीकर_सांगली
वाचून रडले. काकूला फोन केला, ती आता रुसलीय, म्हणते आम्ही एवढं जमवलं आणि तुम्हाला सरकारी लाइनीत उभं राहायचंय. असो. आमचं दोघांचं वय मिळून ८४ होतं, लहान बाळ मिळेल का?

पुणे३०_टेक्सास
काठावर आहात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोघांचं मिळून ८५ पर्यंत, दोन ते चारला ९० पर्यंत. पुढच्या वर्षी तुमची बेरीज दोनने वाढणार, एकने नाही, म्हणून होम स्टडी या महिन्यात सुरू करा. खर्चाचं म्हणाल तर भारतातल्या संस्थेची फी ५००० डॉलर ठरलेली आहे, इकडच्या एजन्सीचं बिल वेगळं आणि बरंच मोठं. आणल्यावर दोन वर्षं फॉलो-अप रिपोर्ट द्यायचे. बाळ तुमच्याबरोबर इमिग्रंट व्हिसावर उतरलं की वडील सिटिझन असल्यामुळे तेही सिटिझन होतं, वेगळी धावपळ नाही.

विदर्भाची_लेक
आणि होम स्टडीवाली बाई येणार म्हणून घर चकाचक करत बसू नका. मी दोन दिवस चकल्या तळल्या, तिने एक खाल्ली आणि स्मोक डिटेक्टर वाजतो का ते बघितलं. वाजत नव्हता.