शब्दचर्चा : 'लकवा', 'झापड' आणि चेता-स्नायूंचे आजार

प्रश्न : लातूर, रुग्णमाहितीपत्रकांच्या लेखिका

मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे २०२५च्या जानेवारीत पुण्यात रुग्ण एकाएकी वाढल्यामुळे घरोघरी ठाऊक झालेला 'जीबीएस', या दोन आजारांवर मी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पत्रक लिहीत आहे. 'न्यूरोमस्क्युलर'ला 'चेता-स्नायू' (चेता म्हणजे नर्व्ह) आणि 'ऑटोइम्यून'ला, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटण्याला, 'स्वयंप्रतिरक्षित' असे शब्द योजता येतात, परंतु आमच्याकडे हे दोन्ही आजार घेऊन येणारी माणसे 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारं गेलं' असेच सांगतात. वाचकाच्या ओळखीचा म्हणून 'लकवा' हाच शब्द ठेवावा का?

उत्तर : अंबाजोगाई, औषधवैद्यकाचे अध्यापक

ताई, 'लकवा' ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण भाषेपेक्षा वैद्यकात आहे. लकवा म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एका बाजूचा हात-पाय एकाएकी गेलेला माणूस येतो. तो मेंदूचा झटका असतो. जीबीएसमध्ये बहुधा दोन्ही पायांत मुंग्या येतात, मग ताकद जाऊ लागते आणि काही दिवसांत ती ओहोटी मांड्या, हात, चेहरा, कधी श्वासाचे स्नायू इथपर्यंत चढते. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आणि मेंदू शाबूत असल्यामुळे रुग्ण पूर्ण शुद्धीवर राहून हे सारे अनुभवत असतो. ही वाढ साधारणपणे चार आठवड्यांच्या आत थांबते. आठ आठवड्यांनंतरही कमजोरी वाढतच असेल, तर 'सीआयडीपी' या दीर्घकालीन प्रकाराचा विचार करावा लागतो. सीआयडीपीत स्टिरॉइडचा उपयोग होतो, जीबीएसमध्ये ते निरुपयोगी ठरले आहे. म्हणून 'किती दिवसांत' आणि 'कोठून कोठे' हे दोन प्रश्न ज्या शब्दात बुडून जातात, तो शब्द पत्रकात नको.

मायस्थेनियाबाबत मला लकव्यापेक्षा 'झापड' या शब्दाची अधिक चिंता वाटते. 'संध्याकाळी डोळ्यांवर झापड येते' असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याची पापणी खरोखर खाली आलेली असते. ऐकणारा मात्र झोप, थकवा, रक्त कमी असा अर्थ लावतो आणि सलाईन लावून घरी पाठवतो. या आजारात शरीरातील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज), सर्वांगी प्रकारात सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये, स्नायूवरील अ‍ॅसिटिलकोलीन ग्राहकांवर, म्हणजे चेतातंतूकडून येणारा रासायनिक निरोप झेलणाऱ्या जागांवर, हल्ला करतात. त्यामुळे चेतातंतूचा निरोप निघतो, पण स्नायूपर्यंत पुरता पोहोचत नाही. स्नायू जितका वापरावा तितका दमतो आणि विसाव्याने सावरतो. म्हणूनच सकाळी बरे असणाऱ्या माणसाला संध्याकाळी एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा थकतो, बोलता बोलता आवाज नाकात जातो. पत्रकात 'झापड' लिहायचीच असेल तर 'झोप आलेली नसताना पापणी पडणे' असे सोडवून लिहावे. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवली असता पापणी वर येते का, ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही करता येते. प्रतिपिंडांची रक्ततपासणी, चेतातंतूला वारंवार उद्दीपन देऊन करण्याची चाचणी आणि थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी स्कॅन या त्यापुढच्या पायऱ्या आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भागात जमिनीवर झोपलेला शेतकरी पहाटे पापण्या पडलेल्या अवस्थेत उठला, तर मायस्थेनियाच्या आधी मण्यारीचा दंश आठवला पाहिजे. तो दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि त्याची खूणही सापडत नाही, पण मण्यारीचे विष याच चेता-स्नायू संधीवर, म्हणजे चेतातंतू आणि स्नायू जुळतात त्या जागी, काम करते.

उत्तर : नांदेड, आयुर्वेद आणि संस्कृतचे अभ्यासक

सरांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे. 'लकवा' हा शब्द अरबीतून आला असून युनानी वैद्यकात त्याचा नेमका अर्थ चेहऱ्याचा पक्षाघात असा आहे. अर्ध्या अंगाच्या पक्षाघाताला तेथे 'फालिज' म्हणतात. आयुर्वेदातही त्याच क्रमाने 'अर्दित' आणि 'पक्षवध' ही दोन नावे वेगळी ठेवलेली आहेत. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती, तरीही येथल्या बोलण्यात फक्त 'लकवा' मुरला आणि दोन्ही अर्थांचे ओझे त्याच्यावरच पडले.

'स्नायू' या शब्दाबाबतही सावध राहावे. सुश्रुतांच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तेथे पेशी म्हणजे आजच्या मराठीतला स्नायू, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. बंगालीत तर, आणि पुष्कळदा हिंदीतही, 'स्नायु' म्हणजे चेतातंतू. मराठीत 'स्नायू' आता पक्का रुजलेला असल्यामुळे तो ठेवावा, परंतु हिंदी पत्रकावरून मजकूर उतरवून घेताना गफलत होऊ शकते. 'मज्जातंतू' मात्र मी टाळेन, कारण अस्थिमज्जेच्या आजारांशी त्याची सांगड घालणारे सुशिक्षित वाचकही मला भेटतात.

लातूरहून पुन्हा

दोघांचेही आभार. मग जीबीएससाठी 'लुळेपणा' कसा वाटतो? पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला तर कळवावे, हे पोलिओ मोहिमेमुळे आशाताईंपासून सर्वांना ठाऊक आहे. 'मज्जातंतू'ऐवजी 'नस' चालेल का?

उत्तर : छत्रपती संभाजीनगर, अतिदक्षता विभागातील परिचारिका

ताई, 'लुळेपणा' आशाताईंच्या पत्रकात अवश्य ठेवावा, पण नातेवाइकांच्या पत्रकात ठेवू नये. 'लुळा-पांगळा' ही जोडी कानात बसलेली असल्यामुळे लुळेपणा म्हणजे कायमचे अपंगत्व असे घरचे लोक समजतात. वास्तविक जीबीएसचे बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालू लागतात. 'पायांतली ताकद जाणे' हे साधे आणि खरे आहे. 'नस' हा शब्द शिरेसाठीही वापरला जातो, त्यामुळे 'नसेला इजा' वाचून काही जण सलाईनच्या सुईला दोष देतात.

उपचारांच्या शब्दांनी आमच्याकडे याहून अधिक घोटाळा होतो. प्लाझ्मा एक्स्चेंजला सर्रास 'रक्त बदलणे' म्हणतात, आणि यंत्र पाहून 'किडनी गेली का?' असे विचारतात. रक्तातील पेशी रुग्णाला परत मिळतात आणि फक्त प्रतिपिंडे असलेला द्रवभाग काढून टाकला जातो, हे एका वाक्यात लिहावे. दुसरा उपचार इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या प्रतिपिंडांचा. 'आजार प्रतिपिंडांमुळे झाला म्हणता आणि प्रतिपिंडेच टोचता?' हा प्रश्न नातेवाइकांनी विचारणे रास्त आहे. त्यासाठी 'आपल्याच शरीरावर उलटलेली प्रतिपिंडे' आणि 'दात्यांची निरोगी प्रतिपिंडे' असे दोन निरनिराळे शब्दप्रयोग पत्रकात शेवटपर्यंत सांभाळावेत. 'स्वयंप्रतिरक्षित' शीर्षकापुरता राहू द्यावा. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस अशी असते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम. एवढ्या कुप्या कशासाठी, हा पैशांचा प्रश्न घरात उभा राहण्याआधी हा हिशेब छापलेला असावा.

'दम लागणे' या शब्दाखाली एक ओळ वाढवावी. श्वासाचे स्नायू थकत असतानाही बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. त्यामुळे आकड्यावर न विसंबता रुग्णाला एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला लावावे, आणि तो विसापर्यंतही पोहोचत नसेल तर कोणाची वाट न पाहता व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.