बारावीला बायोलॉजी नव्हती, केमिस्ट्रीत एकदा नापास, आता वय २४. एमबीबीएसचा रस्ता उरला आहे का?

रात्रपाळी_धंतोली

नमस्कार. मी नागपूरची, नंदनवनला राहते. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या खालच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. बहुतेक रात्रपाळीच असते, नऊ ते सकाळी सात.

माझी शैक्षणिक बाजू आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा वेळ जाणार नाही. दहावीला ६४ टक्के. अकरावीला द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, कारण घरात सगळे म्हणत होते की मुलगी इंजिनिअर होईल. म्हणून गणित होतं, बायोलॉजी नव्हती. बारावीत केमिस्ट्रीत २९ पडले. जुलैच्या पुरवणी परीक्षेत ३८ घेऊन सुटले. फिजिक्स ४४, गणित ४१. मग डी.फार्म. केलं, कारण त्याला गणितवाल्यांनाही घेतात. ते मात्र मी मनापासून केलं आणि चांगल्या गुणांनी पास झाले.

मागच्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमाराला काटोलकडचे एक बाबा चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीवर दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या होत्या, पण आत औषध एकच: अम्लोडिपिन. म्हणजे बीपीची गोळी दुप्पट. मी वर फोन केला, डॉक्टरांनी एक गोळी काढायला सांगितली, विषय संपला. बाबा पैसे मोजून निघून गेले. मला मात्र सकाळपर्यंत करमलं नाही. ते बाबा वर पलंगावर कसे दिसत होते, त्यांना नेमकं काय झालं होतं, पुढं काय होणार, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. माझ्यापर्यंत फक्त चिठ्ठी येते. मला चिठ्ठीच्या पलीकडचं काम करायचं आहे. हे डोक्यात येऊन आता वर्ष झालं, अजून गेलेलं नाही.

आई म्हणते, डी.फार्म.वरून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तेच कर. तिचं चुकत नाही. माझे बाबा कळमना मार्केटात कामाला आहेत, लहान भाऊ आयटीआयला आहे, आणि माझ्या पगाराचा घराला आधार आहे. जातीचा दाखला ओबीसीचा आहे, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, काढलेली नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. बायोलॉजी नसताना नीट, म्हणजे एमबीबीएसची प्रवेश परीक्षा, देता येते का? नापासाचा शिक्का आडवा येतो का? आणि ज्यांनी कच्च्या गुणांवरून हे केलं, त्यांनी प्रत्यक्षात काय केलं? धीर देऊ नका, खरं सांगा.

साकोलीचा_पोरगा

वयानं मोठा आहे म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

मी सध्या गोंदियाच्या शासकीय मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करून राहिलो, २०२० ची बॅच. बारावीत फिजिक्समध्ये नापास झालो होतो. पुरवणीत सुटलो, एकूण ४९ टक्के. गावात दोन वर्षं कोणी विचारलं की मान खाली जायची. नंतर नागपुरात बी.एस्सी. केलं, अजनीला खोली घेऊन राहिलो आणि एका झेरॉक्सच्या दुकानात बसलो. नीट चार वेळा दिली.

नापासाच्या शिक्क्याचं आधी. गुणवत्ता यादी नीटच्या रँकवर लागते. दोघांचे गुण सारखे पडले तरी आधी बायोलॉजीचे पाहतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे. कितव्या प्रयत्नात बारावी सुटली हे कोणी विचारत नाही. नीट कितीदाही देता येते आणि वयाची वरची मर्यादा २०२२ पासून राहिलेली नाही. माझ्या वर्गात दोन पोरांचा बाप असलेला माणूस होता.

बायोलॉजीचं ऐक. पूर्वी नियम कडक होता, अकरावी-बारावी दोन्ही वर्षं नियमित कॉलेजात बायोलॉजी शिकलेली असावी लागायची. तुझ्यासारख्यांसाठी तेव्हा खरंच दार बंद होतं. २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढली की बारावी झाल्यावर बायोलॉजी जादा विषय म्हणून उत्तीर्ण केली तरी नीटला बसता येईल. ही सूचना छापून फाईलमध्ये ठेव. खिडकीवरच्या माणसाला जुना नियम पाठ असतो, हा माझा अनुभव आहे. एका कार्यालयात मला सरळ सांगितलं होतं की पुरवणीवाल्यांना नीट नसते. मी घरी येऊन रडलो होतो. माहितीपुस्तिका स्वतः वाचली तेव्हा कळलं की असा नियम कुठंच नाही.

आता गुणांचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के, अशी अट वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीची पुस्तिका बघच, पण तयारी याच हिशोबानं ठेव. तुझे फिजिक्स-केमिस्ट्रीचे ४४ आणि ३८ मिळून ८२. ३०० पैकी १५० साठी बायोलॉजीत ६८ लागतात, १२० साठी ३८. तू ६८ च्या वरच घे. मग व्हॅलिडिटी अडकली तरी तू अडकणार नाहीस.

आणि व्हॅलिडिटी उद्याच सुरू कर. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढ. आपल्याकडे विदर्भात बहुतेकांचं तिथंच सापडतं. समितीचं ऑफिस दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. ऐन प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी नाही म्हणून सीट गेलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. नॉन-क्रीमी लेअरचंही त्यासोबतच बघून घे.

माझ्या नीटचं सांगतो, कारण तू खरं सांगा म्हणालीस. पहिल्या वेळी १५१ प्रश्न सोडवले, ७३ बरोबर आणि ७८ चूक. बरोबरचे २९२ झाले, चुकीचे ७८ वजा झाले, हातात २१४. ते ७८ प्रश्न मी नुसते सोडून दिले असते तरी २९२ राहिले असते. निकालाच्या दिवशी हे गणित मांडलं आणि पहिल्यांदा वाटलं की माझं डोकं कमी नाही, माझी सवय वाईट आहे. त्यानंतर एक वही केली. रोज चुकलेला प्रश्न तिच्यात लिहायचा आणि खाली कारण: येत नव्हतं, येत होतं पण घाई केली, की अंदाज मारला. तीन महिन्यांनी पाहिलं तर सगळ्यात जास्त अंदाजच निघाले. दुसऱ्या वेळी ३६१, तिसऱ्या वेळी ४८०.

चौथ्या वेळी कोरोना आला. परीक्षा मे महिन्यातून सरकत सरकत १३ सप्टेंबर २०२० ला झाली. झेरॉक्सचं दुकान बंद, खिशात पैसे नाहीत, पण वेळ मिळाला. एनसीईआरटीची बायोलॉजी मी आकृत्यांखालच्या ओळींसकट नऊ वेळा वाचली. तुला निम्मा पेपर, म्हणजे ७२० पैकी ३६०, अजून शिकायचा आहे, हे मी लपवत नाही. पण तू डी.फार्म.ला शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र केलं आहेस, बायोकेमिस्ट्री केली आहेस. मूत्रपिंड, रक्ताभिसरण, हार्मोन्स तुला परके नाहीत. नवं पडेल ते आनुवंशिकी, वनस्पती आणि परिसंस्था. तिथून सुरुवात कर. आणि गणित केलेलं असल्यामुळे फिजिक्समध्ये तू आमच्यासारखी अडखळणार नाहीस. बायोवाल्या पोरांना सदिश आणि कलनच रडवतं.

एक अजून. जुन्या कटऑफचे गुण पाहून घाबरू नको, रँक बघत जा. २०२४ ला खुल्या वर्गाला नुसत्या पात्रतेसाठी १६२ लागले, २०२५ चा पेपर अवघड गेला तर १४४ वर आलं. त्या वर्षी देशातला पहिलाच ६८६ वर होता. विदर्भात जागाही वाढल्या आहेत. २०२४ ला अमरावती, भंडारा, गडचिरोली, बुलढाणा आणि वाशीम अशी पाच नवी शासकीय कॉलेजं सुरू झाली. माझ्या लहानपणी भंडारा जिल्ह्यातल्या पोराला मेडिकल म्हटलं की नागपूरची दोन शासकीय कॉलेजं, मेडिकल नाहीतर मेयो, एवढंच माहीत होतं.

सक्करदरा_बीएएमएस

माझं थोडं वेगळं मत आहे, ताई. वाईट वाटून घेऊ नका.

मी तीन वेळा नीट दिली. तिसऱ्या वेळेनंतरही एमबीबीएसला लागलो नाही. मधल्या काळात वडिलांची बायपास झाली आणि घरातलं सोनं गेलं. मी चौथ्यांदा बसलो नाही. त्याच रँकवर आयुर्वेदाला प्रवेश घेतला आणि आज मी रुग्ण तपासतो. साकोलीच्या दादांना चौथ्या वेळी मिळालं याचा मला खरंच आनंद आहे, पण माझ्या ओळखीत पाचव्या वेळीही न मिळालेले आहेत आणि ते अशा चर्चेत लिहायला येत नाहीत.

म्हणून आजच, डोकं थंड असताना, किती वेळा द्यायची ते कागदावर लिहून आईजवळ द्या. दोन म्हणजे दोन. आणि नोकरी सोडू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. मी क्लाससाठी सगळं सोडलं होतं. घरी बसल्यावर प्रत्येक चाचणीचा गुण हा घरच्यांच्या पैशांचा हिशोब वाटायला लागतो, आणि त्या दडपणात येणारं उत्तरही येत नाही.

फॉर्म भरताना फक्त एमबीबीएसवर टिक करून थांबू नका. त्याच नीटवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळं आहे. तुम्हाला चिठ्ठीच्या पलीकडे जायचं आहे ना, तिथं जायला एकच जिना नाही.

बायोवाल्या_मॅडम

बेटा, मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षं बायोलॉजी शिकवते. तुझ्या कामाचं सांगते.

राज्य मंडळाच्या बारावीला बसणाऱ्यांत एक प्रकार असतो, ‘तुरळक विषय’. बारावी झालेली आहे आणि एखादाच विषय द्यायचा आहे, त्यांच्यासाठी. फॉर्म कनिष्ठ महाविद्यालयातूनच भरावा लागतो आणि ही गडबड दिवाळीच्या आधी उरकते, तेव्हा थांबू नकोस. आधी तुझ्या जुन्याच कॉलेजात जा. तिथं बायोलॉजी नसेल तर जिथं प्रयोगशाळा आहे तिथं विचार. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत ने. मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे, पण तुझी दहावी-बारावी राज्य मंडळाची आहे, तर तिसरा कागदही त्याच मंडळाचा असला की पुढं राज्याच्या कोट्यात कागदपत्रं तपासताना प्रश्न कमी येतात.

लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. बाहेरून बसणारी मुलं प्रात्यक्षिकाला किरकोळ समजतात आणि तिथंच मार खातात. तुला ६८ हवेत, तर या ३० मधले २६-२७ आलेच पाहिजेत. जर्नल पूर्ण असलं पाहिजे, आकृत्या पेन्सिलीनं, नावं उजवीकडे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून समसूत्री विभाजन दाखवणं हे हाताला लागायला सहा-सात वेळा तरी करावं लागतं. पुस्तक वाचून ते येत नाही.

लेखी परीक्षा फेब्रुवारीत, नीट मे महिन्यात. पहिली नीट या मे महिन्यातच दे, तयारी झालेली नसली तरी. तीन तास त्या बाकावर बसण्याचा अनुभव घे. पेपर इंग्रजीच निवड. तू सायन्स इंग्रजीतून शिकली आहेस, ऐनवेळी ‘परासरण’ आणि ‘विसरण’ यांत गोंधळशील.

पैशांचंही सांगते, कारण तुझ्या आईला तीच काळजी असेल. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क शासन भरतं. प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. वसतिगृह, पुस्तकं, मेस हे राहतंच.

शनिवारी दुपारी आमची प्रयोगशाळा रिकामी असते. तू इथं खासगी संदेश पाठव.

रात्रपाळी_धंतोली

सगळ्यांचं वाचलं. एकदा रात्री काउंटरवर, एकदा घरी आईसोबत. सक्करदऱ्याच्या दादांचं आईनं दोनदा वाचायला लावलं.

गेल्या दहा दिवसांत हे झालं. बाबा एक दिवस सुट्टी टाकून माझ्यासोबत उमरेडच्या तहसील कार्यालयात आले. कोतवाल बुकात पणजोबांच्या नावासमोर आमची जात लिहिलेली सापडली, नकलेचा अर्ज दिला आहे. बाबांनी त्या नोंदीवर बोट ठेवून ती बराच वेळ पाहिली. त्यांना लिहिता-वाचता थोडंच येतं, पण पणजोबांचं नाव त्यांनी स्वतः वाचलं.

जुन्या कॉलेजात बायोलॉजी नाही, म्हणून मॅडमच्या कॉलेजातून तुरळक विषयाचा फॉर्म भरते आहे. दादा, ती सूचना छापून नेली होती. क्लार्कसाहेबांनी ती शांतपणे वाचली आणि स्वतःसाठी एक झेरॉक्स ठेवून घेतली.

नोकरी सोडत नाही. मालकांना विचारून आठवड्यातल्या दोन रात्री कमी करून घेतल्या, पगार तेवढा कापला जाईल. दोन ते पाच गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा वाचते. कागदावर ‘दोन वेळा’ लिहून आईला दिलं. तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाली, दुसरीनंतर बी.फार्म., तेव्हा भांडायचं नाही. मी हो म्हटलं.

आनुवंशिकीपासून सुरुवात केली. मेंडेलचे वाटाणे दोन रात्रीत कळले, सहलग्नता अजून कळत नाही.

मॅडम, शनिवारी येते आहे. माझा दुकानातला पांढरा ॲप्रन आहे, खिशावर दुकानाचं नाव शिवलेलं आहे. प्रयोगशाळेत तो चालेल का, की नवा घेऊ?

बायोवाल्या_मॅडम

नवा घेऊ नको. नाव उसवून टाक आणि तोच घालून ये. दोन ब्लेड आणि एक छोटा कांदा आण, पण तो आजच बाटलीच्या तोंडावर पाण्याला टेकवून ठेव, म्हणजे शनिवारपर्यंत मुळं फुटतील. मुळं सकाळीच कापायची, तेव्हाच पेशी विभागताना दिसतात. म्हणून दुपारी नको, पाळी संपली की सरळ इकडेच ये, मी आठला प्रयोगशाळा उघडून ठेवते.