.३१५ रायफलीचा दस्ता मुठीपाशी तडकलाय, स्वस्तात दुसरा कसा मिळवावा?

कंपूवाली (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. बाबांच्या मागे त्यांची ईशापूर फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली. लोक तिला शिकारीची बंदूक म्हणतात, पण १९७२ च्या कायद्यानंतर कसली शिकार! डबऱ्याच्या पुढे आमची शेती आहे, तिथल्या मुक्कामाला ती सोबत असते.

दस्त्याला मुठीपाशी तडा गेलाय. उजवीकडून सुरू होऊन तिरका खाली उतरतो, नख फिरवलं तर अडकतं. त्यात तो मला पहिल्यापासून लांब. बाबा सहा फुटी, मी जेमतेम पाच. खांद्याला लावला की मान पुढे काढावी लागते.

इथल्या एका दुकानदाराने ‘सगळं लाकूड बदलू’ म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून रायफल गुंडाळून घरी आणली. ह्यूस्टनचा भाचा बॉइड्स आणि मॅगपुल या अमेरिकी कंपन्यांच्या दस्त्यांच्या लिंका पाठवतोय, ‘मावशी, कुरिअर करू का?’ म्हणून. दिसायला झकास आहेत. माझं बजेट सहा-सात हजारांचं. काय करावं?

रंदा_पटाशी (इंदूर)

ताई, एवढा खर्च कशाला? ओळखीच्या फर्निचरवाल्या मिस्त्रीकडे रायफल दोन दिवस ठेवा, जुना दस्ता बघून तो सागवानात तसाच काढून देईल. सागाला वाळवीही लागत नाही.

मुरारचे_काका (ग्वाल्हेर)

फौजेत आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंदाभाऊ, रायफल मिस्त्रीकडे ठेवायची नाही. दोन दिवस नाही आणि दोन तासही नाही. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या ताब्यात हत्यार देणं हा गुन्हा आहे, आणि दुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना लागतो. अडकेल तो बिचारा मिस्त्री आणि ताई, दोघंही. काम परवानाधारक गनस्मिथकडेच, मूळ परवाना सोबत नेऊन.

भाच्यालाही थांबवा. त्याच कायद्यात हत्याराचे सुटे भागसुद्धा ‘हत्यार’ या व्याख्येत येतात, आयातीला परवाना लागतो. कस्टममध्ये पार्सल अडलं की खुलासे देत बसाल. आणि आलंच तरी बसणार नाही. तो जे दाखवतोय ते बहुतेक रेमिंग्टन ७०० या अमेरिकी रायफलीसाठीचं असणार, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या बटपासून पुढच्या टोकापर्यंत एकच अखंड तुकडा. तुमची .३१५ ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलीच्या घराण्यातली. इंग्रजांनी .३०३ सारखी लष्करी काडतुसं खाजगी माणसाला बंद केली, त्यातून हे .३१५ प्रकरण इकडे रुजलं. या घराण्यात मागची बट वेगळी आणि पुढचं फोर-एंड वेगळं, मध्ये लोखंडी सॉकेट. तडा बटमध्ये असेल तर फक्त बट बदला. ‘सगळं लाकूड’ बदलायचं कारणच नाही. निम्मा खर्च इथेच वाचला.

आता तडा का गेला ते बघा, नाहीतर नवी बटही तशीच जाईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. लाकूड सुकून आकसतं, बटच्या पोटातला लांब बोल्ट ढिला पडतो, मग प्रत्येक बाराला लोखंड लाकडावर आपटतं. दुसरं कारण तेल. रायफल बटवर उभी ठेवली तर नळीतलं आणि काडतूस भरायच्या खटक्यातलं तेल निथळत मुठीत जातं, तिथलं लाकूड काळं पडून मऊ होतं. काळसर डाग असेल तर अराल्डाईट लावून उपयोग नाही, तेलकट लाकडाला ते धरत नाही. सागाचीही तीच अडचण, तो मुळातच तेलकट.

लाकूड अक्रोडाचं मिळालं तर उत्तम. शीशम स्वस्त आणि मजबूत, फक्त जड. कुठलंही घ्या, मुठीपाशी रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. तिथे रेषा आडव्या कापल्या गेलेली बट दिसायला कितीही सुंदर असली तरी परत करा. सगळ्यात स्वस्त पडेल ती एखाद्या जुन्या ली-एनफिल्डची काढलेली बट. दुकानदारांच्या मागच्या खोलीत पडलेल्या असतात, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. तुमच्या रायफलीवर समोर बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंपूवाली (ग्वाल्हेर)

काका, डाग आहे! आणि रायफल कायम बटवरच उभी असायची, बाबांच्या कपाटात. बसवताना मी नेमकं काय बघायचं? दुकानात बाईमाणूस बघितलं की ‘ताई तुम्ही बसा, चहा घ्या’ सुरू होतं.

मुरारचे_काका (ग्वाल्हेर)

चहा घ्या, पण बाकावर नाही, टेबलाशेजारी उभं राहून.

एक, बटच्या पोटातल्या बोल्टला हात लावण्याआधी त्याने फोर-एंड उतरवलं पाहिजे. जुन्या ली-एनफिल्डात बोल्टचं चौकोनी टोक फोर-एंडच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. तसाच बोल्ट फिरवला की पुढचं चांगलं लाकूडही फुटतं. घाई करणारे हेच करतात. दोन, सॉकेटच्या आत काजळी लावून बट दाबून बघायला सांगा. लाकडावर काळा ठसा सगळीकडून सारखा उमटायला हवा. एकाच कोपऱ्यात उमटला तर पुन्हा तासायचं. पातळ पत्रा किंवा पुठ्ठा खुपसून ‘घट्ट झालं’ म्हणणाऱ्याकडून रायफल परत घ्या.

बडोदेकर_नेमबाज

लांबीचं राहिलं की. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खळगीत टेकवा, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज आलं पाहिजे. लष्करी बटा आखूड, मध्यम, लांब अशा मिळायच्या, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने, लाकडावर एस, एन, एल ठोकलेलं. तुम्ही एस शोधा.

कंपूवाली (ग्वाल्हेर)

आणि एस नाहीच मिळाली तर? मध्यम घेऊन मागून कापली, वर रबरी पॅड लावला, चालेल?

मुरारचे_काका (ग्वाल्हेर)

चालेल, पण पॅडची जाडी आधी मोजून तेवढी जास्त कापायला सांगा, नाहीतर लांबी होती तिथेच येईल. कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल दोन-तीनदा पाजा, पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. आणि नवी बट बसली की कपाटात रायफल नळी खाली करून ठेवा, खाली जाडसर फडकं घालून. गनस्मिथकडे जाण्याआधी एक संदेश टाका, शनिवारी मी मोकळा असतो.