जंगल परत हिरवं झालं म्हणजे माती पण बरी झाली का?

मातीमोल: परवा एकाशी वाद झाला, त्याचं म्हणणं तोडलेलं जंगल दहा-पंधरा वर्षांत परत हिरवं होतं मग एवढी ओरड कशाला. मला हे अजिबात पटत नाही. जुन्या जंगलात पाचोळा सारून खालची माती हातात घ्या, भुसभुशीत असते, कुजक्या पानांना बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले दिसतात. आणि जिथून लाकूड ओढणारं अवजड मशीन गेलंय तिथे दोन पावलांवर तीच माती बघा, चाकोरीत पाणी तुंबलेलं, रंग करडा-निळसर, कुबट वास, बोट शिरत नाही. पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच बहुतेक माती दबते आणि ती परत मोकळी व्हायला कित्येक दशकं जातात. वरून मात्र सगळं हिरवंगार!

रानवाट: नाही पटलं. जंगलाला धक्के काय नवीन नाहीत. वादळात झाड मुळासकट उपटलं की खालची माती वर येते, ती जंगलाची नांगरणीच. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ मध्ये केवढे वणवे लागले, तिथल्या लॉजपोल पाइन या सूचीपर्णी झाडाची बरीच शंकूफळं राळेने बंद असतात, ती उघडतातच आगीच्या उष्णतेने. राखेने आम्लता कमी होते, कॅल्शियम-पोटॅशियम लगेच मिळतं. हात लावला की माती मेली असं नसतं हो.

मातीमोल: पण वणवा काही लाकूड उचलून ट्रकमध्ये घालून नेत नाही ना! वादळात पडलेलं झाड तिथेच कुजतं, मातीचं मातीला मिळतं.

ओलावा: मध्ये बोलतो, लाकूड तिथेच ठेवलं तरी माती लुटली जाऊ शकते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलात १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं पाडली, एक ओंडका बाहेर नेला नाही, फक्त तीन उन्हाळे तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळून जाणारं नायट्रोजनचं रूप, चाळीसएक पट झालं. कुजणं चालूच होतं, पण सुटलेलं नायट्रोजन शोषायला जिवंत मुळं नव्हती. आणि रानवाट, आग आग पण सारखी नसते. फार तापली तर साधारण २०० अंशांपासून नायट्रोजन वायू होऊन उडायला लागतं, जळालेल्या पाचोळ्याची मेणचट वाफ खाली जाऊन मातीच्या कणांवर बसते. अशा जमिनीवर पाण्याचा थेंब टाका, मण्यासारखा तसाच राहतो, मग पहिल्या मोठ्या पावसात राख आणि वरचा थर दोन्ही वाहून जातं.

रानवाट: हबर्ड ब्रुकची दुसरी बाजू पण सांगा की. फवारणी थांबवून उगवू दिल्यावर नायट्रेट काही वर्षांत खाली आलं. म्हणजे लगेच झुडपं वाढू दिली तर माती सावरते, माझा मुद्दा तोच आहे.

मातीमोल: नायट्रेट सावरलं, माती सावरली असं कसं म्हणता? फ्रान्समध्ये रोमन काळात जिथे शेती होती तिथे नंतर दाट जंगल झालं, तरी आज जवळपास दोन हजार वर्षांनी तिथल्या मातीत फॉस्फरस जास्त आहे आणि झाडोरा शेजारच्या जंगलापेक्षा वेगळा आहे.

रानवाट: वेगळा म्हणजे वाईटच का? फॉस्फरस जास्त असलेली माती उलट सुपीक म्हणतो आपण. पण दबलेल्या मातीचं म्हणणं मान्य. मशीन ठरलेल्या एकाच वाटेने न्यावं, वाटेवर फांद्या पसराव्यात आणि जमीन ओली असताना आत सोडूच नये.

मातीमोल: ओल्या जमिनीत मशीन नको, एवढं जरी सक्तीचं झालं तरी मला चालेल. सुपीकतेवर मात्र मी अडूनच आहे, जुन्या जंगलाची कितीतरी झाडं-बुरशी गरीब मातीतच टिकतात.